ऋणमुक्त कुटुंब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, त्याबद्दल परमेश्वराचे उपकार मानण्यासाठीं आपण आज येथें जमलों आहों. देऊळ तोरणांनीं सजलें आहे; ज्यांनीं तें उभारलें त्यांपैकीं कित्येक वडीलधारी मंडळी आपल्यामध्यें बसली आहे, आणि त्या वेळीं ज्यांचे आईबापहि लहान होते अशीं मुलें त्यांच्या मांडीवर खेळत आहेत. अशा मंगल प्रसंगीं कर्जासारखा रुक्ष विषय कशाला काढला, असें कोणाच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु 'ज्युबिली' हा शब्द ज्या ग्रंथांतून आपल्याकडे आला तो ग्रंथ उघडून पाहिल्यास, पन्नासावें वर्ष आणि कर्ज यांचा संबंध किती जवळचा आहे हें कळून येईल.

जुन्या करारांतील लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस अशी आज्ञा केलेली आहे कीं, वर्षांचीं सात सप्तकें, म्हणजे ४९ वर्षें, मोजून झाल्यावर प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. एडक्याच्या ज्या शिंगानें ही द्वाही फिरे त्यास हिब्रू भाषेंत 'योबेल' म्हणत. त्यावरूनच ज्युबिली हा शब्द निघाला. त्या वर्षीं काय व्हावयाचें? दारिद्र्यामुळें ज्यानें आपली जमीन विकली होती त्याची जमीन त्यास परत मिळावयाची, आणि ज्याला स्वतःस विकून चाकरी पत्करावी लागली होती त्यानें मोकळें होऊन आपल्या माणसांत परत जावयाचें. अनुवाद या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायांत दर सातव्या वर्षीं ऋण सोडून देण्याचा नियम आहे. या दोन्ही नियमांच्या मुळाशीं एकच विचार आहे. जमीन देवाची आहे आणि माणूसहि देवाचा आहे; म्हणून या दोहोंवर कोणत्याहि धनकोचा अधिकार कायमचा चालूं शकत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्युबिलीच्या वर्षीं मुक्त झालेला मनुष्य कोठें जातो? तो घरीं जातो. कर्ज माणसाला घरापासून तोडतें आणि मुक्ति त्याला घरीं आणते. म्हणून ऋणमुक्ति ही एकट्या कर्त्या पुरुषाची चिंता नसून सबंध कुटुंबाचें कर्तव्य आहे, आणि तें कर्तव्य सर्वांनीं मिळून, उघड्या वहीनेंच पार पडतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज काढणें हेंच मुळीं पाप आहे, असें आपल्या धर्मानें शिकविलेलें नाहीं. बेनसिराच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायांत, शेजारी अडचणींत असतां त्यास उसनें द्यावें आणि घेणाऱ्यानें ठरल्या वेळीं तें परत करावें, असा दुहेरी उपदेश आहे. घेतांना गोड बोलणारा आणि फेडतांना सबबी सांगणारा ऋणकोहि तेथें रेखाटलेला आहे, आणि तो आजच्या कोणत्याहि गांवांत जसाच्या तसा पाहावयास मिळेल. त्याच ग्रंथाच्या १८ व्या अध्यायाच्या शेवटीं, उसन्या पैशांवर मेजवान्या करून भिकेस लागूं नये, असेंहि बजावलें आहे. तेव्हां कर्ज असावें कीं नसावें इतकाच प्रश्न नाहीं. कशासाठीं, कोणापासून, किती दरानें आणि घरांतील कोणाच्या संमतीनें, हा खरा प्रश्न आहे. राहतें घर, मुलांचें शिक्षण, वाडींतील विहीर यांसाठीं घेतलेलें कर्ज फिटल्यावर मागें कांहीं तरी उरतें. आजाऱ्याच्या उपचारासाठीं काढलेलें कर्ज दुःखाचें असलें तरी लाजिरवाणें नाहीं. परंतु हप्ते चालू असतांनाच जी वस्तु मोडून पडते, किंवा हप्ते सुरू होण्यापूर्वींच जी मेजवानी पचून जाते, तिच्यासाठीं काढलेलें कर्ज घराला आंतून पोखरतें.

आपल्याकडे कर्जाचा विषय निघाला कीं वक्त्याचें बोट प्रथम लग्नाच्या मांडवाकडे वळतें. मांडव, वाजंत्री, जेवणावळी आणि दागिने यांपायीं घरें बुडालीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि कर्जाचें मूळ कोठें असतें हें पाहण्यासाठीं आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासांतील एक प्रकरण आठवूं.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें तेथील कापूस इंग्लंडला पोंचेना. हिंदुस्थानच्या कापसाला भाव चढला, आणि दख्खनच्या शेतकऱ्यास सावकार हात सैल सोडून कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळला, शेतसारा मात्र नव्या आकारणीनें वाढला. आणि सावकारानें नवें देणें बंद करून जुन्या येण्याचा तगादा लावला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं लोकांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जरोखे काढून घेतले आणि जाळले. पाहतां पाहतां हें लोण पुणें आणि त्या वेळचा अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गांवांस पोंचलें. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें, आणि पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदाहि झाला.

त्या चौकशी मंडळाचा एक निष्कर्ष आपण सर्वांनीं मनांत ठसवून घेण्यासारखा आहे. लग्नाच्या खर्चामुळेंच शेतकरी बुडतो, ही समजूत त्या वेळींहि सार्वत्रिक होती. मंडळानें चौकशी केली तेव्हां असें आढळून आलें कीं, लग्नाचा खर्च ऐपतीबाहेरचा असला तरी तो प्रसंग क्वचित् येतो, आणि कर्जाची पहिली गांठ सहसा तेथें बसलेली नसते. पोटाला धान्य, पेरणीला बीं, औताला बैल, सरकारचा सारा, अशा वारंवार येणाऱ्या गरजांसाठीं काढलेल्या लहान लहान रकमा, आणि त्यांवर चढत जाणारें व्याज, यांनींच कर्जाचा डोंगर उभा राहिलेला असतो. घर लुटणारा चोर महाद्वारानें वाजतगाजत क्वचितच येतो. बहुधा तो मागील दारानें येतो, आणि रोज थोडें थोडें नेतो.

आज सारा आणि बैल यांच्या जागीं दुसऱ्या गोष्टी आल्या आहेत. मोबाइल हप्त्यावर, दुचाकी हप्त्यावर, घरांतील यंत्रें हप्त्यावर, किराणा उधारीवर, आणि महिनाअखेरची तूट क्रेडिट कार्डावर. प्रत्येक हप्ता एकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो; सर्व हप्ते एकत्र आले म्हणजे पगार घरीं येण्यापूर्वींच अर्धा झालेला असतो.

थोडा हिशेब मांडूं. एखाद्या खाजगी सावकाराकडून दरमहा शेंकडा ५ दरानें २०,००० रुपये घेतले असें समजा. पांच हा आंकडा ऐकावयास लहान. परंतु वर्षाचा दर ६० टक्के झाला. दरमहा १,००० रुपये व्याज भरीत राहिल्यास वीस महिन्यांत २०,००० रुपये देऊन होतात, आणि मुद्दल जेथल्या तेथेंच असतें. व्याज न भरतां तें मुद्दलांत चढूं दिलें, तर पंधरा महिन्यांत देणें दुपटीहून अधिक होतें. आतां क्रेडिट कार्डाचें पाहा. बाकी ५०,००० रुपयांची आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे असें धरूं. पहिल्या महिन्याचें व्याजच १,७५० रुपये होतें. किमान भरणा म्हणून बँकेनें ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये मागितले आणि आपण तेवढेच भरले, तर मुद्दलांतून फक्त ७५० रुपये कमी होतात. व्याजावरील कर धरल्यास तेवढेहि होत नाहींत. 'किमान' या शब्दानें ऋणकोस दिलासा मिळतो आणि धनकोस उत्पन्न मिळतें.

राहत्या घरासाठीं घेतलेल्या योग्य कर्जासहि हिशेबाचा हाच नियम लागू आहे. ९ टक्के दरानें २० लाख रुपये २० वर्षांच्या मुदतीनें घेतल्यास दरमहा हप्ता सुमारे १८,००० रुपये बसतो, आणि अखेरपर्यंत सुमारे ४३ लाख रुपये भरावे लागतात. तेंच कर्ज १५ वर्षांच्या मुदतीनें घेतल्यास हप्ता सुमारे २०,३०० रुपये होतो, म्हणजे दरमहा २,३०० रुपये अधिक; परंतु एकंदर भरणा सुमारे साडेछत्तीस लाखांवर येतो. घर पांच वर्षें आधीं मोकळें होतें आणि साडेसहा लाखांहून अधिक रुपये वांचतात. आपल्या घरचे हे दरमहाचे २,३०० रुपये सध्यां कोणत्या किरकोळ हप्त्यांतून वाहून जात आहेत, हें शोधून काढणें हा गृहस्थाश्रमांतील एक मोठा विवेक आहे.

परंतु व्याजाहूनहि घातक अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे लपवाछपवी. पतीनें सहीवर कर्ज काढलें, तें पत्नीस ठाऊक नाहीं. पत्नीनें बांगड्या गहाण ठेवून घरखर्चाची तूट भरून काढली, तें पतीस ठाऊक नाहीं. मुलानें मोबाइलच्या एखाद्या ॲपवरून दहा हजार घेतले, तें दोघांसहि ठाऊक नाहीं; आणि म्हातारे वडील मित्रासाठीं जामीन राहिले आहेत, तें तर कोणासच ठाऊक नाहीं. सायंकाळीं हे चौघे एकत्र गुडघे टेकून रोजरी म्हणतात, आणि प्रत्येकाच्या छातीवर आपापला धोंडा असतो. एक कर्ज लपविलें म्हणजे तें फेडण्यासाठीं दुसरें कर्जहि लपूनच काढावें लागतें. विवाहसंस्काराच्या वेळीं पतिपत्नी सुखांत व दुःखांत एकमेकांशीं एकनिष्ठ राहण्याचें वचन देतात. देणें हेंहि त्या दुःखांतच मोडतें. तें जोडीदारापासून चोरून ठेवणें ही त्या वचनांतील उणीव होय.

याविषयीं पवित्र शास्त्रांत एक सुंदर हकीकत आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ४ थ्या अध्यायांत एका विधवेची गोष्ट सांगितली आहे. तिचा पति देवभीरु होता, पण कर्ज मागें ठेवून वारला. आणि धनको तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली आणि आपली स्थिति तिनें उघडपणें सांगितली. घरांत काय आहे, असें अलीशानें विचारलें, तेव्हां तेलाच्या एका पात्राखेरीज तिच्यापाशीं कांहीं नव्हतें. त्यानें तिला शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणावयास सांगितलीं. मग दार लावून ती तेल ओतीत गेली, मुलें भांडीं पुढें करीत गेलीं, आणि भांडीं संपेपर्यंत तेल सरलें नाहीं. शेवटीं संदेष्ट्यानें तिला सांगितलें तें असें कीं, तेल विकून आधीं देणें चुकवावें, आणि जें उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा.

चमत्कार देवाचा आहे. पण त्या चमत्कारापर्यंत जाणारी वाट माणसाच्या पायांची आहे. त्या बाईनें देणें लपविलें नाहीं, विश्वासाच्या माणसाजवळ बोलून दाखविलें. काय नाहीं याचा शोक करीत न बसतां, काय आहे तें तिनें पाहिलें. शेजाऱ्यांची मदत घेण्यास ती लाजली नाहीं. मात्र तिनें भांडीं मागितलीं, जुनें कर्ज फेडण्यासाठीं नवें कर्ज मागितलें नाहीं. मुलांना तिनें अंधारांत ठेवलें नाहीं. जीं मुलें कर्जापायीं दास व्हावयाचीं होतीं, त्यांच्याच हातांनीं तें घर सुटलें. आणि फेड आधीं व उपभोग मागून, हा क्रम तिनें पाळला.

या वाटेनें आपणांस चालावयाचें असेल, तर घरोघरीं काय करतां येईल? प्रथम एक वही घालावी. तिच्या पहिल्या पानावर घरांतील प्रत्येकाचें देणें लिहावें: कोणाचें, किती, कोणत्या दरानें, आणि कोणत्या तारखेस फिटावयाचें. दुसऱ्यासाठीं जामीन राहिलों असूं तर ती रक्कमहि तेथेंच लिहावी, कारण जामीनकी हें झोंपलेलें कर्ज आहे, आणि तें नको त्या वेळीं जागें होतें. पुढच्या पानांवर रोजचा जमाखर्च मांडावा. दूध, भाजी, प्रवास, मोबाइल, कांहीं वगळूं नये. दर रविवारीं सायंकाळीं रोजरी झाल्यावर सर्वांनीं मिळून ती वही पाहावी, आणि जाणत्या मुलांनाहि तेथें बसवावें. बापाला सहल कां परवडत नाहीं हें ज्या मुलानें आंकड्यांत पाहिलें आहे, तो बापाला कंजूष म्हणणार नाहीं. एक पथ्य मात्र सांभाळावें. जो आपलें देणें कबूल करील त्याच्यावर त्या वेळीं तोंडसुख घेऊं नये. ज्या घरीं खरें बोलणाऱ्यास शिव्या मिळतात, त्या घरीं पुढच्या वेळीं कोणी खरें बोलत नाहीं.

वही मांडून झाली कीं उपभोगासाठीं नवें कर्ज घेणें बंद करावें. नंतर सर्व देण्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून, ज्याचा व्याजदर सर्वांत अधिक असेल त्याची फेड आधीं करावी. पेटींत सोनें पडून असेल आणि दारांत साठ टक्क्यांचा सावकार उभा असेल, तर थोडें सोनें विकून, अथवा बँकेंत कमी व्याजानें तारण ठेवून, त्या सावकारास वाटेस लावणें शहाणपणाचें. वाडी अथवा राहतें घर विकण्याचा विचार मात्र सर्वांत शेवटीं यावा. ज्या जमिनीवर आपल्या पूर्वजांनीं केळी व पानवेली जोपासल्या, ती एकदां हातांतून गेली म्हणजे तिला परत आणणारें ज्युबिलीचें वर्ष आपल्या कायद्यांत नाहीं. यापुढचें पाऊल म्हणजे संकटासाठीं ठेव. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम हळूहळू, दरमहा थोडी थोडी, बाजूस पडली पाहिजे. अशी ठेव जोंवर नाहीं, तोंवर प्रत्येक आजारपण आपल्याबरोबर एक नवें कर्ज घेऊन येतें.

आतां लग्नाविषयीं. ज्या घरीं अशी वही आहे, त्या घरीं आंकडा आधीं ठरतो आणि मांडव मागून उभा राहतो. विवाह हा संस्कार आहे. वेदीपुढें वधूवरांनीं एकमेकांस दिलेलें वचन, तें स्वीकारणारे धर्मगुरु आणि दोन साक्षीदार, एवढ्यानें तो पूर्ण होतो. वाजंत्री आणि पक्वान्नें यांनीं त्याच्या पावित्र्यांत भर पडत नाहीं. पाहुण्यांचें आदरातिथ्य अवश्य करावें, पण नव्या संसाराचा पहिला हप्ता त्याच संसाराच्या मेजवानीचा नसावा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे सोहळे आणि वाढदिवस यांविषयींहि हेंच म्हणतां येईल.

जे आधींच अडकले आहेत त्यांनीं हेंहि जाणून असावें कीं, कायदा सर्वस्वीं धनकोच्या बाजूस नाहीं. महाराष्ट्रांत सावकारीच्या नियमनासाठीं २०१४ चा कायदा आहे. परवान्यावांचून सावकारी करणें हा त्यान्वयें गुन्हा आहे, आणि सावकारीच्या ओघांत बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंतीं मूळ मालकास परत मिळण्याची तरतूदहि त्यांत आहे. त्यासाठीं सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करावा लागतो. ॲपवरून कर्ज घेण्यापूर्वीं, त्याच्या मागें कोणती मान्यताप्राप्त बँक अथवा वित्तसंस्था आहे आणि वर्षाचा एकंदर दर किती पडतो, हें लेखी मागून घ्यावें. जो हें सांगण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडून एक रुपयाहि घेऊं नये.

बंधुभगिनींनो, एकटें कुटुंब कितीहि काटकसरी असलें तरी केव्हां ना केव्हां त्यास हात पसरावा लागतो. तो हात कोणापुढें पसरावयाचा, हा प्रश्न ख्रिस्ती समाजानें फार पूर्वींपासून आपला मानला आहे. इटलींतील पेरूजा या शहरीं १४६२ सालीं फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेनें गरिबांसाठीं तारण ठेवून अल्प आकारांत कर्ज देणारी पेढी निघाली. अशा पेढ्यांना 'मॉन्ते दि पिएता' म्हणत. खर्चापुरता आकार घेणें धर्मास सोडून आहे कीं काय, याचा पुष्कळ खल झाला. अखेर १५१५ सालीं पांचव्या लॅटरन धर्मपरिषदेनें या पेढ्यांस मान्यता दिली. आपल्या देशांत छोटानागपूरच्या आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशांत जात असतां, येशूसंघीय फादर योहान हॉफमन यांनीं १९०९ सालीं तेथील कॅथलिक लोकांची सहकारी पतसंस्था स्थापिली. आपल्या वसईंतहि १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथलिक लोकांची सहकारी पतपेढी सुरू झाली. तीच पुढें बॅसीन कॅथलिक बँक म्हणून नांवारूपास आली.

या सर्व संस्थांच्या मुळाशीं असलेली कल्पना एकच होती. गरिबाजवळ तारण नसेल, पण त्यास ओळखणारे शेजारी असतात, आणि त्यांच्या ओळखीलाच पत म्हणतात. म्हणून माझी आपणांस विनंती अशी आहे कीं, या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून, सजावटीचे दिवे उतरल्यावरहि टिकेल असें एक काम आपण हातीं घ्यावें. धर्मग्रामाच्या प्रत्येक विभागांत हिशेब जाणणाऱ्या दोन विश्वासू व्यक्ति, एक पुरुष व एक स्त्री, अशा नेमाव्या कीं, अडचणींतील कुटुंबानें आपली वही त्यांच्यापुढें निःशंक उघडावी, आणि तिच्यांतील एक अक्षरहि बाहेर जाऊं नये. शिवाय एक लहान निधि जमवावा, आणि जें कुटुंब वही मांडून फेडीच्या मार्गास लागलें असेल, त्याच्या सर्वांत जड व्याजाच्या कर्जास त्यांतून बिनव्याजी हातभार लावावा. फिटलेली रक्कम पुढच्या घराच्या उपयोगीं पडेल.

एक कठोर गोष्टहि बोलली पाहिजे. नहेम्याच्या ग्रंथाच्या ५ व्या अध्यायांत अशी हकीकत आहे कीं, यरुशलेमेचा तट बांधण्याचें काम चालू असतां गरीब लोक ओरड करूं लागले. धान्यासाठीं आणि राजाच्या करासाठीं त्यांनीं शेतें व द्राक्षमळे गहाण ठेवले होते, मुलेंमुलीहि दास्यांत दिलीं होतीं. आणि घेणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्यानें सभा बोलावून त्या श्रीमंतांस जाब विचारला, आणि जमिनी, घरें व घेतलेलें व्याज परत करण्याची शपथ त्यांच्याकडून घेतली. तट बाहेरच्या शत्रूसाठीं होता. पण आंतल्या आंत भाऊ भावास गिळीत असेल तर तटाचा उपयोग काय? आपल्यामध्येंहि कोणी शेजाऱ्याच्या अडचणीवर दरमहा शेंकडा पांच घेत असेल, तर या ज्युबिलीचें शिंग प्रथम त्याच्यासाठीं वाजत आहे, असें त्यानें समजावें.

आणि जो कर्जाखालीं इतका दबला आहे कीं त्यास रात्रीं झोंप नाहीं व दिवसा तोंड दाखविण्याची इच्छा नाहीं, त्यास माझें सांगणें असें कीं, बाबा, तुझें मोल तुझ्या देण्यावरून ठरत नाहीं. देणें हा आंकडा आहे. आंकडा मांडतां येतो, कमी करतां येतो, वेळप्रसंगीं धनकोशीं बसून मुदत वाढवून घेतां येते. जीव मात्र एकदां गेला कीं परत आणतां येत नाहीं, आणि घरच्यांस तुझ्या पैशांपेक्षां तूं हवा आहेस. आज रात्रींच घरांतील एका माणसास सांग. तेंहि धैर्य होत नसेल, तर धर्मगुरूंकडे जा. बोललेलें ओझें निम्में होतें.

प्रभूनें शिकविलेली प्रार्थना आपण रोज म्हणतों. मत्तयाच्या शुभवर्तमानांत, जेथें आपण क्षमा मागतों, तेथें मूळ ग्रीक भाषेंत पापाला ऋण असाच शब्द योजला आहे. जें फेडण्याची आपली ऐपत नव्हती तें आपलें ऋण ख्रिस्तानें क्रुसावर फेडलें, म्हणून आपण मोकळे आहों. अशा मोकळ्या झालेल्या लोकांनीं एकमेकांस बांधून ठेवूं नये आणि स्वतःहि बांधून घेऊं नये. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत, परस्परांवरील प्रीतीखेरीज कोणाचें कांहींहि देणें ठेवूं नये, अशा अर्थाचा उपदेश केला आहे. तें एकच देणें असें आहे कीं, तें फेडतांना घर रितें होत नाहीं. या देवळाच्या छायेंत पुढील पन्नास वर्षें जीं कुटुंबें वाढतील, त्यांच्या वहींत शेवटीं तेवढेंच देणें बाकी राहो, अशी नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.